धर्माच्या वर्गातून समुपदेशनाकडे
समुपदेशनातलं मोठं नाव कार्ल रॉजर्स. पण १९२४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत गेले ते धर्म शिकायला! दोन वर्षांत तो विचार सुटला आणि ते मानसशास्त्राकडे वळले.

अँटन बॉयसन हे पाद्री तर स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले. १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राचे विद्यार्थी रुग्णांजवळ बसवले. ग्रंथ वाचता, तसाच माणूसही वाचा, हा त्यांचा आग्रह. खरंच आहे; ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असं दुःखातला माणूस पुष्कळदा देवालाच विचारतो. ती भाषा ऐकणाऱ्याला कळायला हवी.

मात्र अमेरिकेतही नुसत्या धर्माच्या पदवीवर समुपदेशकाचा परवाना मिळत नाही. समुपदेशनातलं पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचा सराव लागतोच.