‘मदत’ म्हणू नका, कामाचं नाव सांगा

आज मी शब्दांविषयी बोलणार आहे. आपण आपल्या कामाला, मालाला आणि स्वतःला काय म्हणतो, त्यावर आपल्या धंद्यात काय काय अवलंबून असतं, ते पाहू.

तुम्ही म्हणाल, शब्दानं काय होतं? माल चांगला असला म्हणजे झालं. तर आधी आपल्या बांबूची गोष्ट ऐका. बांबू हे गवत आहे. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात त्याची गणती झाडात केली होती. झाड म्हटलं की तोडायला परवानगी आली, वाहतुकीला पास आला. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. त्याच हक्काच्या जोरावर धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावानं आपला बांबू विकण्यासाठी भांडण केलं आणि 2011 साली ग्रामसभेच्या हाती वाहतुकीचे पास आले. पुढे 2017 साली वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढला, तेव्हा शेतात, बांधावर लावलेला बांबू त्या बंधनातून सुटला. बांबू तोच होता. त्याला काय म्हणायचं ते बदललं, आणि कोणी विकायचा तेही बदललं.

आता आपल्याकडे या. बचत गटातल्या एखाद्या ताईला विचारा, तुम्ही काय करता? बहुतेक वेळा उत्तर येतं, “काही नाही जी, घरीच राहतो. असंच वड्या-पापड करतो.” पहिला शब्द ‘काही नाही’, दुसरा ‘असंच’. मैत्रिणींनो, समोर गिऱ्हाईक उभं असेल तर त्यानं इथंच भाव ठरवला. जे असंच होतं, त्याला कोण पैसे जास्त देईल?

मूल भागात धानाच्या गिरण्या आहेत. गिरणीवाला धान भरडून देतो, त्याचे पैसे घेतो, त्याला भरडाई म्हणतात. शिंपी शिलाई घेतो. चक्कीवाला दळाई घेतो. धोब्याची धुलाई असते. कामाला नाव आहे म्हणून त्याचा दर आहे, आणि दर आहे म्हणून कोणी भांडत नाही. आता आपल्या गटाची वही उघडा. जवस भाजलं कोणी? चटणी कुटली कोणी? पुड्या भरल्या कोणी? वहीत जवस आहे, मिरची आहे, लसूण आहे, पुडीचा खर्च आहे. बाईच्या हाताचा खर्च कुठंच नाही. विचारलं तर म्हणतात, “ते काय, सगळ्याजणींनी मदत केली.” मदतीला दर नसतो. म्हणून तो खर्च किमतीत येतच नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा पाच किलो जवसाची चटणी केली. सामान आणि पुड्या मिळून 800 रुपये लागले. माल 1000 रुपयांना विकला. 200 रुपये नफा झाला म्हणून आपण खूश. पण दोघीजणी अर्धा दिवस त्यात होत्या. अर्ध्या दिवसाची मजुरी 100 रुपये धरली, तर ते 200 रुपये त्यांची मजुरीच झाली. नफा शून्य. बाजारात जायचं भाडं धरलं तर घरातून घातले. पण वहीत ‘भाजाई’, ‘कुटाई’, ‘भराई’ असे तीन शब्द लिहिले आणि समोर दर लिहिला, तर पुढच्या वेळी किंमत ठरवताना ते आपोआप मोजले जातील. मग किलोमागं किती मागायचे हे सांगताना आवाज खाली जाणार नाही.

हे होऊ शकतं याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. तिथे पापड लाटणारीला कामगार म्हणत नाहीत, बहीण म्हणतात, आणि ही बहीण धंद्याची भागीदार असते. पण नुसतं बहीण म्हणून गोड बोलून काम करवून घेत नाहीत. लाटण्याची मजुरी वेगळी ठरलेली असते, आणि नफा-तोट्यातही वाटा असतो. नातं आहे, हिशेबही आहे. आपल्याकडे नातं भरपूर आहे, हिशेबाचा शब्द तेवढा राहून गेला.

आता पदांचं बघू. आपल्या गटात अध्यक्ष आहे, सचिव आहे. बँकेसाठी आणि बैठकीसाठी ही पदं बरोबर आहेत. पण दुकानदाराला त्यातून काही कळत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं, माल कोण बनवतं, भाव कोण सांगेल, ऑर्डर कोणाला द्यायची. हे ठरलेलं नसलं की तो फोन करतो, घरातला माणूस उचलतो आणि आपण म्हणतो, “त्यांना विचारून सांगतो.” तिथं भाव आपल्या हातून गेला. म्हणून गटाच्या बैठकीत ठराव घ्या. उत्पादन प्रमुख अमुक, विक्री प्रमुख तमुक, हिशेब अमुक. विक्री प्रमुखानं कमीत कमी कोणत्या भावापर्यंत उतरायचं, तेही ठरावात लिहा. मग ती ताई बिनधास्त सांगू शकते, “मी विक्री पाहतो, यापेक्षा कमी होणार नाही.” पद हे मिरवायला नसतं, ते निर्णय घ्यायला असतं. चारजणींच्या गटानं ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ लिहिलं तर गिऱ्हाईक हजार पाकिटं मागेल आणि आपली पंचाईत होईल. जेवढं काम, तेवढंच पद. वर्षानं बदला, म्हणजे सगळ्याजणी शिकतील.

आणखी एक. “गरीब बायांचा गट आहे, घ्या जी” असं म्हणून माल विकू नका. त्या बोलण्यावर माणूस एकदा घेतो, पुण्य केलं म्हणून. दुसऱ्यांदा तो चवीसाठीच येतो. मग आधीपासून चवीचंच बोला.

पुडीवर काय लिहायचं? ‘सेंद्रिय’ हा शब्द छान वाटतो, पण त्याला प्रमाणीकरणाचे नियम आहेत. ‘साखरेचा आजार बरा करते’ असं तर खाण्याच्या मालावर लिहायची कायद्यानं मनाई आहे. त्यापेक्षा खरं ते लिहा. ‘यंदाचं जवस, उखळात कुटलेली चटणी, तालुका मूल.’ ‘शुद्ध’ आणि ‘उत्तम’ सगळेच लिहितात. उखळात कुटलेली कोण लिहितं? नाव आपल्या बोलीतलं राहू द्या, सरगुंड्या असेल तर सरगुंड्याच लिहा, आणि खाली एका ओळीत सांगा की हे काय आहे, कसं शिजवायचं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला ते लागतं. मोहाच्या मालाचं जरा जपून. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि मोह म्हटलं की लोकांच्या मनात आधी दारूच येते. म्हणून नुसतं ‘मोह’ मोठ्या अक्षरात लिहू नका. ‘मोहफुलांचे लाडू’ असं पूर्ण लिहा, आत काय काय आहे ते लिहा, जमलं तर फुलाचं चित्र टाका.

आणि पुडीवर आपलं नाव, गावाचं नाव टाकायला विसरू नका. एचएमटी तांदूळ कोणाला माहीत नाही? तो वाण शोधला आपल्याच जिल्ह्यातल्या, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी. 1983 साली स्वतःच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी जपल्या, वाढवल्या. बाजारानं त्या तांदळाला त्या काळच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव दिलं. तांदूळ देशभर गेला, घड्याळाचं नाव घेऊन. दादाजींना पुरस्कार मिळाले, पण पैशाची ओढाताण शेवटपर्यंत राहिली. 2018 साली ते गेले. आज दुकानात एचएमटी मागणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे? आपण नाव दिलं नाही, तर बाजार देतो, आणि तो आपल्या सोयीचं देतो.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तीन कामं करा. वहीत ‘मदत’ शब्द खोडून त्या जागी कामाचं नाव आणि दर लिहा. विक्री कोण पाहणार, त्याचा ठराव घ्या. आणि प्रत्येकीनं एक वाक्य मोठ्यानं म्हणून पाहा: “मी अमुक बनवतो आणि विकतो.” पहिल्यांदा हसू येईल. येऊ द्या. दुसऱ्यांदा म्हणा.