केरा घरी आली
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



निवेदकांनी माझी ओळख सॉफ्टवेअर इंजिनिअर अशी करून दिली, तेव्हा मागच्या बाकावरची मंडळी जरा धास्तावलेली दिसली. ती आजही मागेच बसली आहेत. घाबरू नका, मी कॉम्प्युटरवर बोलणार नाही. मी बोलणार आहे कुत्र्याच्या पिल्लाबद्दल.

वडील गेल्यावर आई पाटणात एकटी पडली. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली, तशी मी मुलीला घेऊन इकडेच आले. गेल्या वर्षी भर आषाढात मुलीने एस. टी. स्टँडजवळून एक भिजलेलं पिल्लू रेनकोटखाली झाकून आणलं. आपल्या केरा नदीवरून तिचं नाव ठेवलं केरा.

आई म्हणाली, "कुत्रं या उंबऱ्याच्या आत येणार नाही." तिला कारण होतं. लहानपणी तिला कुत्रं चावलं होतं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. त्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी ऐकूनच आपण सगळे मोठे झालो. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता मोजकी इंजेक्शनं दंडात घ्यावी लागतात. पण आईच्या मनातली चौदा काही कमी होईनात. शेवटी पडवीपुरती तडजोड झाली.

मी इंजिनिअरच्या पद्धतीने कामाला लागले. कुत्र्यांच्या शिक्षणावरचं मिळेल ते वाचलं, तक्ता केला. दूध-भाकरी घातली तर पिल्लाचं पोट बिघडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी दूध बंद करून मऊ भात आणि उकडलेलं अंडं सांगितलं. मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. जंताचं औषध झालं, लसी सुरू झाल्या.

तरी केरा पडवीत कुठेही शू करायची. एकदा मीटिंग चालू असताना ती आत शिरली आणि माझ्या लॅपटॉपच्या वायरींवरच शू केली. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिला मारलं. नंतर आणखी दोनदा मारलं. मग मी नुसती समोर आले तरी ती जमिनीला चिकटून शू करायला लागली. मला वाटलं, मुद्दाम करते.

आई दारात उभी होती. म्हणाली, "अगं, ती घाबरून करतेय. तुला कळत नाही? मला कळतं."

कुत्र्याला घाबरणाऱ्या बाईने कुत्र्याची भीती ओळखली, आणि सगळं वाचून बसलेल्या मला ती दिसली नाही.

त्या रात्री मला आपले गणिताचे सर आठवले. सर, आपण समोरच बसला आहात. गणित चुकलं की आपण वहीवर फुली मारत नसायचा. जिथे पायरी चुकली, तिथे पेन्सिलीने एक टिंब द्यायचा आणि वही परत करायचा. मी पायऱ्या तपासल्या. चूक पिल्लाची नव्हतीच. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला शू फार वेळ धरता येत नाही. झालेल्या गोष्टीची शिक्षा नंतर केली, तर कशासाठी मार बसला हे त्याला कळत नाही. माणसाची भीती तेवढी बसते.

मग झोपून उठली, खाल्लं, खेळून झालं की लगेच बाहेर न्यायचं, असं ठरलं. बाहेर शू केली की तिथल्या तिथे कौतुक आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घरात झालं तर न बोलता पुसायचं. आई लांबून बघायची आणि सांगायची, "वास घेत गोल फिरायला लागली बघ, ने आता." दूधवाल्याचा हिशोब लिहावा तशा ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायची. माझ्या तक्त्यापेक्षा त्या खुणाच उपयोगी पडल्या. महिना-दीड महिन्यात पडवी कोरडी राहू लागली.

एक विनंती. घरात कुत्रं असेल तर तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचे डोस चुकवू नका. कुणाला कुत्रं चावलं तर हळद-चुना लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर वाचतो.

केरा आता वर्षाची आहे. हाक मारली की येते, बस म्हटलं की बसते. पण मी वर्तमानपत्र उचललं की आजही उठून कोपऱ्यात जाते. म्हणून मी पेपर तिच्यामागे वाचते. ते तीन फटके परत घेता येत नाहीत.

आईने तिला अजून हात लावलेला नाही. मात्र आज इकडे निघताना केराचं काय करावं, या विचारात मी दाराशी थांबले होते. आई उंबऱ्याच्या आत बसली होती, केरा बाहेर. आई म्हणाली, "जा तू. मी आहे तिच्याजवळ."