मागचे आवाज



चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत भजनी मंडळ बसलं की पुढचा एकटा ओळ म्हणतो आणि मागचे धृपद उचलतात. हार्मोनियम, तबला, टाळ आणि खंजेरी. पुढच्याला दम घ्यायला सवड मिळते ती मागच्यांमुळे. लय चढते, पट्टी सुटत नाही, तेही त्यांच्यामुळेच. दिवसभर धानाच्या बांधीत राबलेली ही माणसं रात्री असं एका सुरात गातात, याला मी मोठी कला मानतो.

यातली खंजेरी भजनं गाणाऱ्या तुकडोजी महाराजांनी विदर्भाच्या खेड्यापाड्यांत पोचवली. तरुणपणी त्यांनी रामदिघीच्या आणि चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या रानात साधना केली होती. पुढे त्यांच्या भजनांचा धाक इंग्रज सरकारलाही वाटला. 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीला, इंग्रजांविरुद्धच्या 'भारत छोडो' आंदोलनात चिमूर पेटलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर शहीद झाले. 28 ऑगस्टला महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवून डिसेंबरात सोडलं. हाती शस्त्र नसलेल्या गायकाला सरकारनं तुरुंगात टाकलं, यातच त्या भजनांचा जोर कळतो.

असेच साथीचे आवाज ऐकायला आता थोडं दूर, जमैका बेटावर जाऊ. तिथं 1966 ते 1968 या जेमतेम दोन वर्षांत रॉकस्टेडी नावाचं संगीत बहरलं. संथ ठेका, ठळक बेस आणि तीन-चार जणांचे एकमेकांत मिसळलेले आवाज. पॅरागॉन्स या मंडळीनं 1967 साली गायलेलं 'द टाइड इज हाय' हे गाणं ब्लाँडी या अमेरिकी बँडनं 1980 साली पुन्हा गायलं आणि ते जगभर गाजलं. दोन वर्षांचा बहर टिकला, कारण त्याच्या तबकड्या निघाल्या होत्या.

आपल्याकडची मंडळं दोन वर्षं नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या गात आली. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले, तरी गावोगावी सामुदायिक प्रार्थना आणि खंजेरी चालूच राहिली. अकोल्याकडचे सत्यपाल महाराज तर एका वेळी सात खंजेऱ्या वाजवून प्रबोधन करतात. पण नाव राहतं ते पुढच्याचं. मागे धृपद उचलणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाज त्यांच्याबरोबर जातात, आणि ही हानी मला फार मोठी वाटते.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात पुढचं भजन होईल तेव्हा मोबाइलवर ते अथपासून इतिपर्यंत उतरवून घ्या. मोबाइल पुढच्या गायकाजवळच ठेवू नका, थोडा वेळ मागे बसलेल्यांजवळही ठेवा. आणि त्या प्रत्येकाचं नाव लिहून ठेवा.