सैन्यभरतीचे दार


आपले हिंगोली निजामकाळी छावणीचे गाव. इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडली. अखेर १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

एवढ्या कष्टाने उघडलेले दार कागदांपायी मिटू देऊ नका. २०२३ पासून अग्निवीर भरतीत आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, नंतर मैदान. १.६ किलोमीटर धावण्याचा सराव मुले पहाटे करतात. पण गुणपत्रिका, आधार आणि जातीचा दाखला यांतील नावांचा मेळ पाहायचा राहून जातो. एका अक्षरापायी काम कसे अडते, ते आम्ही बँकेच्या काउंटरवर रोज पाहतो. तेव्हा दर रविवारी विहारात कागदपत्रे तपासू या.

आणि पोरांनो, चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीर कायम होण्याची तरतूद आहे. म्हणून वर्दी मिळाली तरी पुस्तक सोडू नका.

जय भीम!