समुद्रपक्षी आणि कॅमेरा

कोकणात वेंगुर्ल्यासमोर, किनाऱ्यापासून काही मैल आत, समुद्रात काही खडक उभे आहेत. तेथील दीपगृहामुळे ते दर्यावर्दींना परिचित आहेत, आणि सुरय पक्ष्यांच्या विणीमुळे पक्षिशास्त्रज्ञांना. १८७५ साली अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम या खडकांवर येऊन गेले. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला तेच हे ह्यूम. सरकारी सेवेचा व्याप सांभाळून त्यांनी पक्ष्यांच्या हजारो कातड्यांचा संग्रह केला. पक्षी नक्की ओळखावयाचा तर प्रथम तो मारावयाचा, हा त्या काळच्या शास्त्राचा रिवाज होता. डोळ्यांना क्षणभर दिसले त्यावर भरवसा नसे. हातातले कातडे हीच साक्ष.

त्यानंतर सातच वर्षांनी, १८८२ मध्ये, एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने नेपल्सच्या किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांवर निराळीच बंदूक रोखली. तिचा चाप ओढला की गोळी सुटत नसे. आतील फिरत्या तबकडीवर सेकंदाला बारा छायाचित्रे उमटत. पक्षी आपल्या वाटेने निघून जाई. त्याच्या पंखांची हालचाल तेवढी मागे राही. जहाजाच्या कठड्याशी कॅमेरा घेऊन उभा राहणारा आजचा छायाचित्रकार हा मारे यांचा वारस होय.

त्याचे काम मात्र सोपे नाही. पक्षी उडत असतो, जहाज पुढे जात असते आणि पायांखालची फळी डोलत असते. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारा पक्षी सेकंदाच्या हजाराव्या भागातही दीड सेंटीमीटर पुढे सरकतो; पंखांच्या टोकांची हालचाल तर याहूनही अधिक. म्हणून शटर निदान सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतेच उघडावे लागते. नाळेवर किंवा वरच्या मजल्यावर झोके फार बसतात. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर ते कमी जाणवतात. कॅमेरा कठड्यावर टेकवला तर इंजिनाची थरथर चित्रात उतरते. तेव्हा पाय थोडे फाकून, गुडघे सैल सोडून आणि कोपरे अंगाशी धरून उभे राहावे, हेच बरे. काळसर पाण्यावरचा पांढरा पक्षी कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवितो. अशा वेळी प्रकाश थोडा कमी घेतला तरच पिसांचा तपशील शिल्लक राहतो.

एवढा खटाटोप कशासाठी? विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल या पक्ष्याचे उदाहरण घ्यावे. चिमणीहून थोडाच मोठा असलेला हा पक्षी दक्षिण ध्रुवाकडच्या किनाऱ्यांवर वीण करतो आणि तिकडे हिवाळा सुरू झाला की अरबी समुद्रापर्यंत येतो. लाटांच्या खोलगटात तो दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. त्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो; याच समुद्रात आढळणाऱ्या स्विन्होज स्टॉर्म पेट्रेलला तो नसतो. पट्टा होता की नव्हता, याविषयी डेकवरच्या चार माणसांची चार मते होतील. एक अस्पष्ट छायाचित्रही तो वाद मिटवू शकते.

आपल्या समुद्राची अडचण अशी, की हे दक्षिणेचे पाहुणे पावसाळ्याच्या सुमारास येतात आणि तेव्हाच मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्याला ओढलेल्या असतात. पाहणारे डोळे त्या दिवसांत अगदी थोडे. वादळाने थकून किनाऱ्यावर पडलेला पक्षी, एवढीच पुष्कळदा त्यांची खूण उरते. म्हणून मालवाहू जहाजावरील अधिकारी, लक्षद्वीपला जाणारा प्रवासी किंवा मोसम सुरू होताच बाहेर पडणारा तांडेल, यांच्यापैकी कोणीही टिपलेले चित्र मोलाचे ठरते. मात्र त्यासोबत तारीख, वेळ आणि जहाजाचे अक्षांश-रेखांश हवेत. त्यांच्यावाचून सुंदर चित्र भिंतीवर शोभेल, पण साक्ष देणार नाही.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यानेही हिरमुसण्याचे कारण नाही. बंगळूर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. पण तेथील बनशंकरीच्या गच्चीवरून आकाशात घारी घिरट्या घालताना दिसतात. उडता पक्षी कॅमेऱ्याच्या चौकटीत धरून ठेवण्याचा हाताचा सराव त्यांच्यावर करता येतो. ही सवय घरी झाली असेल, तर समुद्रावर लाभणारे दोन-तीन सेकंद वाया जात नाहीत.

आणि एक पथ्य. ज्या कॅमेऱ्याने बंदुकीची जागा घेतली, त्याने पक्ष्याला बंदुकीचा धाक देऊ नये. विणीच्या खडकाला नौका भिडविली की सुरय अंड्यांवरून उठतात, आणि उघडी पडलेली अंडी उन्हात तापतात. तेथे दूर राहून घेतलेले धूसर चित्रच अधिक योग्य. साक्ष मिळाली आणि पक्षीही आपल्या घरट्यावर राहिला, यापरते यश या छंदाला दुसरे नाही.