हिरवा चहा आणि बुद्धि

महाराष्ट्रांत हिरवा चहा म्हटला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें परसांतल्या गवती चहाची पातच उभी राहते. तें गवत निराळें. सध्यां ज्या हिरव्या चहाची बुद्धिवर्धक म्हणून वाखाणणी चालते, तो आपल्या नेहमींच्या काळ्या चहाच्याच झुडुपाचा पाला होय. पानें खुडल्यावर लगेच वाफवून किंवा तापवून वाळविलीं तर हिरवीं राहतात. चुरडून हवेंत ठेविलीं तर काळवंडतात. एवढाच काय तो जातिभेद!

जपानांत या पेयाचा लौकिक फार जुना आहे. एइसाइ नांवाच्या बौद्ध भिक्षूनें ११९१ मध्यें चीनहून परततांना चहाचें बीं आणलें, आणि १२११ मध्यें चहा पिऊन आरोग्य कसें राखावें यावर ग्रंथ लिहिला. ध्यानास बसणारे भिक्षु झोंप आवरण्यासाठीं चहा घेत. यांतलें मर्म रसायनशास्त्रानें पुढें उकललें. जागेपणीं मेंदूंत ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें व त्याच्या प्रभावानें झोंप येऊं लागते. चहांतलें कॅफीन त्याची जागा आधींच अडवून बसतें. पण चहांत थिआनिन म्हणून आणखी एक द्रव्य आहे, तें जपानी संशोधकांनीं १९४९ मध्यें वेगळें काढलें. तें मुळांत तयार होऊन पानांत चढतें, आणि उन्हांत त्याचें रूपांतर तुरट कॅटेचिनांत होतें. म्हणूनच ग्योकुरो या उंची चहाच्या मळ्यांवर खुडणीपूर्वीं सुमारें २० दिवस आच्छादन घालतात. थिआनिन कॅफीनबरोबर दिल्यास कांहीं वेळ चित्त अधिक एकाग्र राहतें, असें लहान लहान प्रयोगांत दिसलें आहे. मात्र तेथें त्याची मात्रा बहुधा १०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. एका पेल्यांत तितकें थिआनिन सहसा उतरत नाहीं.

परंतु ज्या घरांत आजोबांना नातवाचें नांव आठवेनासें झालें आहे, त्या घराला एकाग्रतेचें कौतुक कितीसें असणार? ही विस्मृति थांबेल काय, एवढेंच तें घर विचारतें. तोहोकु विद्यापीठाच्या संशोधकांनीं सत्तरी गांठलेल्या १,००३ जपानी वृद्धांची पाहणी २००६ मध्यें प्रसिद्ध केली. रोज दोन वा अधिक पेले हिरवा चहा घेणारांत बुद्धीचा ऱ्हास, आठवड्यास तीन किंवा त्याहून कमी पेले घेणारांपेक्षां बराच कमी आढळला. पण चहामुळें बुद्धि शाबूत राहिली, कीं बुद्धि शाबूत म्हणून चार मित्रांत बसून चहा होत राहिला? एकाच वेळच्या पाहणीवरून हें ठरत नाहीं. जाहिरातदार हा प्रश्न काढीतच नाहींत.

उलट, अर्काच्या गोळ्यांविषयीं सावधगिरी हवी. कॅटेचिनांपैकीं प्रमुख द्रव्य गोळ्यांवाटे रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक गेल्यास यकृतास इजा पोहोंचत असल्याचीं चिन्हें दिसतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१८ मध्यें दिला. पेल्यांतल्या चहाला अशी भीति सहसा नाहीं. तरी जेवणाबरोबर तो घेतल्यास डाळी व पालेभाज्यांतलें लोह नीट अंगीं लागत नाहीं; पांडुरोग असलेल्या स्त्रियांनीं मध्यें तासाभराचें तरी अंतर ठेवावें. वृद्धांस तो सायंकाळीं देऊं नये, झोंप उडते. आणि आधणांत टाकून दूधसाखरेसह उकळण्याचा आपला खाक्या येथें चालत नाहीं. पाणी उकळून चांगलें निवूं द्यावें, पानें त्यांत दोनेक मिनिटें ठेवावींत व लगेच गाळून घ्यावें. नाहींतर चहा कडू होतो आणि दोष जपान्यांच्या माथीं येतो.