जमिनीचा जीर्णोद्धार : काडीकचऱ्यातून कसदार खत

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त ग्रामस्थांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार हाती घेतला म्हणजे कारागीर प्रथम कळसाकडे पाहत नाहीत, पाया तपासतात. पाया खचलेला असेल तर वरच्या रंगरंगोटीचा खर्च वाया जातो. गावाचा प्रपंच ज्या पायावर उभा आहे तो म्हणजे जमीन. मंदिराला आलेली वर्गणी केळीच्या घडाची असो, कापसाच्या बोंडाची असो की सुरत-मुंबईस नोकरीला गेलेल्या मुलाच्या पगाराची असो, तिचे मूळ शोधत गेले तर ते याच काळ्या मातीत सापडते. म्हणून या मंगल प्रसंगी जमिनीच्या कसाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

रावेर-यावल पट्ट्यातील केळी रेल्वेने आणि ट्रकने थेट दिल्लीपर्यंत जाते. २०१६ साली ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळाले, ही खानदेशाला भूषणावह गोष्ट आहे. परंतु घडाबरोबर जमिनीतील पालाशही गावाबाहेर जातो, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. धुळे जिल्ह्यातील कोरडवाहू कापसाची, बाजरीची गोष्ट याहून निराळी नाही. पीक बाजारात जाते, पैसा घरात येतो, आणि जमिनीचे देणे तसेच राहते.

पूर्वी हे देणे उकिरडा फेडीत असे. दावणीला चार-सहा जनावरे असत आणि उन्हाळ्यात गाड्यामागून गाड्या शेणखत शेतात पडे. आता ट्रॅक्टर आला आणि दावण रिकामी झाली. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गाय-बैल होते. २०१९ च्या गणनेत ते १ कोटी ४० लाखांच्या आसपास आले. शेण कमी झाले, त्याची जागा गोणीने घेतली.

गोणीला दोष देण्याचे कारण नाही. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. साध्या शेणखतात नत्र सरासरी अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. एका गोणीइतके नत्र मिळवायचे तर चार टन शेणखत ओढावे लागेल. “शेणखत घाला म्हणजे सर्व काही ठीक होईल” असे नुसते सांगणाऱ्याने हा हिशेब शेतकऱ्यापुढे मांडला पाहिजे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गोणी पिकाला खाऊ घालते, मातीला नाही. मातीतील जीवजंतू जगतात ते सेंद्रिय कर्बावर. माती परीक्षणात कर्ब ०.५ टक्क्याहून खाली आला म्हणजे ती जमीन कर्बाने गरीब समजली जाते. अशा जमिनीत पाणी टिकत नाही, ती लवकर टणक होते आणि दिलेल्या खताचाही पुरता उपयोग होत नाही. मग दरवर्षी एक गोणी वाढते, आणि उत्पन्न मात्र तेथेच राहते.

यावर तोड अशी की, खत घरचेच करावे, पण उकिरड्यासारखे नव्हे. ते नीट कुजवून, त्यात उणे असलेली अन्नद्रव्ये भरून, कसदार करून शेतात न्यावे. त्यासाठी लागणारा माल खानदेशात मुबलक आहे. केळीच्या एका एकरात पाच बाय पाच फुटांच्या लागणीत सतराशेच्या वर झाडे बसतात. घड कापल्यावर एक खोड पंधरा किलो धरले तरी एकरी पंचवीस टनांवर ओला माल निघतो. त्यात नव्वद टक्के पाणी असले तरी उरलेल्यात पालाश भरपूर असतो. भारताला पोटॅश खत जवळजवळ सगळे परदेशातून आणावे लागते, आणि इकडे पालाशाने भरलेली खोडे बांधावर, नाल्यात पडून सडतात. कापसाच्या पऱ्हाट्यांचेही तसेच. भरताची वांगी भाजण्यापुरत्या, चुलीपुरत्या त्या घरी येतात. बाकीच्या शेतात पेटवल्या जातात. पेटवलेल्या पऱ्हाटीतील कर्ब आणि नत्र धुरावाटे निघून जाते. उलट त्या बांधावर रचून ठेवल्या तर त्यांतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढच्या हंगामात पुन्हा येते. पऱ्हाट्यांचे यंत्राने बारीक तुकडे करून त्या कुजविल्या, तर अळीचा आसरा मोडतो आणि खतही होते.

या दोन मालांची जोडी निसर्गानेच जमवून दिली आहे. केळीचे खोड अति ओले. एकटे कुजविले तर चिखल होऊन दुर्गंधी सुटते. पऱ्हाटी अति कोरडी व काष्ठमय. एकटी असली तर वर्षभर तशीच पडून राहते. खोड चिरून दोन-चार दिवस सुकवावे व पऱ्हाटीच्या तुकड्यांत मिसळावे. एकाचे पाणी दुसऱ्याला पुरते.

कुजविण्याचे शास्त्र या प्रदेशाला परके नाही. धुळ्यावरून जाणारा आग्रा रस्ता ज्या इंदूरला पोहोचतो, तेथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांच्या थरांतून खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली यावर जे पुस्तक निघाले त्याचे सहलेखक यशवंत वाड हे होते. ती रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. पुढे महाराष्ट्रातच, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची युक्ती काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला ‘नाडेप’ म्हणतात. ज्यांच्या दावणीला एकच जनावर उरले आहे, त्यांना ही रीत सर्वांत सोयीची.

नाडेपचे टाके विटांचे, जमिनीच्या वर बांधतात. आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींना हवेसाठी जाळीसारखी भोके ठेवतात. तळ शेणपाण्याने भिजवून त्यावर सहा इंच काडीकचऱ्याचा थर द्यायचा, सुमारे शंभर किलोचा. त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचे. त्यावर चाळलेली कोरडी माती पन्नास-साठ किलो. असे अकरा-बारा थर रचून टाके काठाच्या वर दीड फूट छपरासारखे भरायचे आणि माती-शेणाने लिंपून टाकायचे. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो. तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचे. भेगा पडल्या तर बुजवायच्या, ओल राखायची. तीन ते चार महिन्यांत गडद तपकिरी, मातीच्या वासाचे खत तयार होते. एका टाक्यातून सुमारे तीन टन खत निघते. त्याला शेण लागते अवघे शंभर किलोच्या आत.

कच्चा काडीकचरा किंवा ताजे शेण सरळ शेतात टाकू नये. कच्चा माल कुजताना मातीतले नत्र स्वतःच ओढून घेतो व पीक पिवळे पडते. त्यातून तणाचे बी येते, हुमणी वाढते.

आता खत कसदार करण्याविषयी. खानदेशची काळी जमीन बहुतांशी विम्लधर्मी आणि चुनखडीची. तिच्यात रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाच्या खडकाची भुकटी, सरळ टाकली तर ती विरघळत नाही. तशीच पडून राहते. परंतु कुजणाऱ्या ढिगात सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि जिवाणूंच्या साह्याने ती या भुकटीतील स्फुरद हळूहळू मोकळे करतात. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे असा खडक निघतो. दर १०० किलो सुक्या काडीकचऱ्यामागे सुमारे साडेबारा किलो भुकटी थराथरांत पसरली, तर स्फुरदयुक्त खत तयार होते. अडीच महिन्यांनी ढिगाची उष्णता उतरली म्हणजे पहारीने वरून वीसेक भोके पाडून त्यांत अझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक पाण्यातून सोडावे. ढीग गरम असताना सोडले तर जिवाणू मरतात व पैसे फुकट जातात.

पिकावर केवडा पडतो, पाने पिवळी व शिरा हिरव्या राहतात, तो बहुधा लोहाच्या कमतरतेने. चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट नुसते टाकले तर लोह लगेच बांधले जाते. तेच, आणि त्याबरोबर झिंक सल्फेट, ओलसर तयार खतात मिसळून आठ-दहा दिवस मुरवून दिले, तर खतातील सेंद्रिय पदार्थ त्याला धरून ठेवतात व मुळांना ते मिळते. कोणते द्रव्य किती घालावे, हे मात्र शेजाऱ्याकडे पाहून नव्हे, माती परीक्षणाच्या कागदावरून ठरवावे.

ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. चूल पेटते, बाईच्या डोळ्यांतला धूर जातो, आणि बाहेर पडणाऱ्या मळीत नत्र शिल्लकच राहते. ही मळी उन्हात वाळवू नये, नत्र उडून जाते. ती टाक्यातील काडीकचऱ्यावर शेणपाण्याऐवजी शिंपडावी.

काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. विषाणूरोग झालेली केळीची झाडे टाक्यात घालू नयेत. कृषी विभागाच्या सल्ल्याने ती नष्ट करावीत. काच, प्लॅस्टिक, औषधांच्या बाटल्या यांचा तुकडाही आत जाऊ देऊ नये. रासायनिक खत एकाच हंगामात एकदम बंद करू नये. जमिनीत कर्ब वाढत जाईल तसे माती तपासून ते कमी करावे. आणि हे खत विकायचे झाल्यास १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो, हे ध्यानात ठेवावे. त्यात स्फुरदयुक्त सेंद्रिय खतासाठी किमान १०.४ टक्के स्फुरदाची अट आहे. २०२३ साली केंद्र शासनाने गोबरधन योजनेतील संयंत्रांच्या सेंद्रिय खतासाठी टनाला १,५०० रुपयांचे विक्री साह्य मंजूर केले. गावाने एकत्र येऊन मोठे संयंत्र उभारायचे मनात आणले तर अशा योजनांची चौकशी पंचायतीने करावी.

या कामात घरातील स्त्रीचा वाटा मोठा आहे. शेण काढणे, उकिरडा राखणे हे काम तिनेच आजवर केले आणि त्याला कोणी शास्त्र म्हटले नाही. टाके बांधताना ते कोठे असावे, पाणी कोठून यावे, हे तिला विचारून ठरवावे. नाही तर तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे चढेल आणि टाके वर्षभरात रिकामे पडेल.

सुरुवात मंदिरापासूनच करता येईल. देवाला वाहिलेली फुले, तुळस, बेल, नारळाची शेंडी, सप्ताहाच्या पंगतीतील पानांच्या पत्रावळी हा सारा पवित्र माल आज नदीच्या पात्रात जातो किंवा देवळामागे साचतो. निर्माल्य नदीत टाकण्यापेक्षा मातीला परत दिले तर त्यात देवाचा अवमान नाही. मंदिराच्या आवारात एक टाके बांधावे. निर्माल्यातील दोरे, पिशव्या, जरीच्या चुनऱ्या पुजाऱ्याने वेगळ्या काढाव्यात. पंगतीला पळसाच्याच पत्रावळी वापरण्याचा नियम मंडळाने करावा. तयार झालेले खत मंदिराच्या बागेला आणि उरलेले गावातील एखाद्या अल्पभूधारकाच्या शेताला प्रसाद म्हणून द्यावे. त्याच्या शेतात त्या एका पट्ट्यात पीक कसे येते, शेजारच्या पट्ट्यात कसे येते, हे गावाने दोन हंगाम डोळ्यांनी पाहावे. भाषणाने पटत नाही ते शेजारच्या शेताने पटते.

देणगीदारांनी मंदिरासाठी दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब या स्मरणिकेत छापला आहे. जमिनीकडून घेतलेल्याचा हिशेब कोठे छापला जात नाही. तो पुढच्या पिढीच्या हाती सातबाऱ्याबरोबर जातो. त्या उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, कस लिहिलेला नसतो. तो राखून देणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. येत्या आखाजीपर्यंत गावात दहा टाकी उभी राहावीत, एवढी प्रार्थना ग्रामदैवताच्या चरणी करून हे व्याख्यान येथे पुरे होते.